ठराव मंजूर होण्याआधी : कोल्हापूर महापालिकेपुढे नागरिकांनी आपले म्हणणे कसे मांडावे

कोल्हापूरचा टोल २०१५ च्या अखेरीस रद्द झाला. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसे रस्त्यावर उतरली, पेठापेठांतील तालमी आणि तरुण मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि सामान्य माणसाच्या चिकाटीने तो प्रश्न सुटला. या शहराने त्याचा अभिमान बाळगावा, असाच तो लढा होता. तरीही त्या प्रकरणातील वर्षे एकाखाली एक लिहून पाहावीत. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांच्या प्रकल्पाचे काम २००९ मध्ये सुरू झाले, टोलवसुली २०१३ मध्ये सुरू झाली आणि ती कायमची थांबायला त्यानंतर आणखी दोन वर्षे गेली. ज्या करारातून टोल आला, तो करार काम सुरू होण्याआधीच कागदावर उतरलेला होता. नाके उभे राहिल्यावर जो विरोध करावा लागला, त्याचा काही अंश तरी कराराचा मसुदा चर्चेत असताना झाला असता, तर शहराची कितीतरी शक्ती वाचली असती.

निर्णय झाल्यावर लढायचे कसे, हे कोल्हापूरकराला कोणी शिकवायला नको. निर्णय होण्याच्या आधी, तो टिपणीच्या आणि मसुद्याच्या रूपात असताना, त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. पाणी, गटार, दिवाबत्ती, दवाखाना यांसारख्या सेवा असोत, आग आणि पूर यांपासूनची सुरक्षितता असो किंवा शहराची वाढ असो, तिन्ही बाबतींत वाट साधारण सारखीच आहे. फक्त मुदती आणि दारे वेगळी आहेत.

आधी काम कोणाचे, ते ठरवावे

चुकीच्या दारात दिलेला अर्ज परत येत नाही, तो तिथेच पडून राहतो. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी संबंधित काम महापालिकेचे आहे का, याची खात्री करावी. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे राज्य शासनाचे रुग्णालय आहे. तेथील खाटांची संख्या महापालिकेच्या सभेत वाढू शकत नाही. सावित्रीबाई फुले रुग्णालय, पंचगंगा रुग्णालय आणि आयसोलेशन हॉस्पिटल ही मात्र महापालिकेची आहेत आणि तेथील डॉक्टर, औषधे व यंत्रसामग्री यांचा विचार महापालिकेच्याच अंदाजपत्रकात होतो. पोलीस बंदोबस्त आणि वाहतुकीचे नियमन हे पोलीस खात्याकडे, तर रस्त्यावरचे दिवे, दुभाजक आणि पदपथ महापालिकेकडे असतात. वीज खंडित झाली तर महावितरण, पण वीज असूनही गल्लीतला दिवा लागत नसेल तर महापालिका. केएमटीची बस महापालिकेची आणि एसटी महामंडळाची, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु राधानगरी धरणातून सोडलेल्या पाण्याचे वेळापत्रक जलसंपदा विभाग ठरवतो आणि पूर आल्यावर स्थलांतराची व्यवस्था महापालिका व जिल्हाधिकारी कार्यालय मिळून पाहतात, ही विभागणी पुराच्या दिवसांत अनेकांच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये दिलेली आहेत. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्त्यांवरील दिवाबत्ती, साफसफाई, अग्निशमन ही पहिल्या यादीतील कामे होत. तुमची मागणी पहिल्या यादीत बसत असेल, तर निवेदनात त्या कलमाचा उल्लेख अवश्य करावा. निधी नाही हे उत्तर स्वेच्छाधीन कामाला चालू शकते. बंधनकारक कर्तव्याला ते देताना अधिकाऱ्याला विचार करावा लागतो.

महापालिकेच्या आतही दारे अनेक आहेत. मुख्य इमारत भाऊसिंगजी रोडवर आहे, परंतु रोजच्या कामांसाठी गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट ही चार विभागीय कार्यालये आहेत. गटारीची साफसफाई आरोग्य निरीक्षकाकडे, रस्त्याचा खड्डा किंवा तुटलेली गटार विभागीय कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याकडे आणि त्याच्या हाताखालच्या, रस्ते-गटारींची दुरुस्ती करणाऱ्या पवडी विभागाकडे, पाण्याची गळती जल अभियंत्याच्या खात्याकडे, बांधकाम परवानगी नगररचना विभागाकडे, असे हे वाटप आहे. कनिष्ठ अभियंता आणि मुकादम यांची ओळख असावी. वशिला लावण्यासाठी ती नको. कोणत्या कामाचा प्रस्ताव सध्या कोणत्या टेबलावर आहे, हे त्यांनाच सर्वांत आधी ठाऊक असते, म्हणून ती हवी.

निर्णय कसा घडतो

सभागृहातील भाषण वर्तमानपत्रात छापून येते, त्यामुळे निर्णय तिथे होतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक निर्णयांचा जन्म एखाद्या विभागाच्या टिपणीत होतो. कनिष्ठ अभियंता पाहणी करून त्या कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक तयार करतो, उपशहर अभियंता व शहर अभियंता त्यावर शेरे मारतात, लेखा विभाग तरतूद तपासतो आणि मग आयुक्तांच्या सहीने तो प्रस्ताव स्थायी समितीकडे किंवा सर्वसाधारण सभेकडे जातो. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि खर्चाचे, निविदांचे बहुतांश विषय तिच्याकडे येतात. सर्वसाधारण सभेत ८१ निर्वाचित सदस्य असतात. कर, अंदाजपत्रक, विकास आराखड्यातील बदल, मोठे धोरणात्मक विषय यांचा निर्णय तिथे होतो. प्रस्ताव सभेपर्यंत पोहोचेतो त्याला बराच घट्टपणा आलेला असतो. टिपणीच्या टप्प्यावर एका पानाचे निवेदन जे काम करते, ते पुढे मोर्चालाही जमत नाही.

सभेची सूचना आणि विषयपत्रिका काही दिवस आधी निघते. ती नगरसचिव कार्यालयात पाहायला मिळते आणि नगरसेवकाकडे तर तिची प्रत येतेच. विषयपत्रिका वाचताना तीन प्रकारच्या विषयांकडे लक्ष द्यावे. पहिला म्हणजे प्रशासनाकडून आलेले कार्यालयीन प्रस्ताव. यांच्यासोबत टिपणी जोडलेली असते आणि खरी माहिती त्या टिपणीत असते, विषयाच्या एका ओळीत नसते. दुसरा म्हणजे सदस्यांनी दिलेले ठराव. तिसरा म्हणजे ऐनवेळचे विषय, जे पत्रिकेत नसतात आणि सभेत मांडले जातात. हे शेवटचे विषय नागरिकांच्या दृष्टीने सर्वांत अवघड, कारण त्यांची आधी चाहूल लागत नाही. तातडीच्या प्रसंगासाठी ही सोय आवश्यकच आहे. परंतु एखाद्या जागेचे आरक्षण किंवा भाडेपट्टा यांसारखा विषय ऐनवेळी आला, तर सभेनंतर लगेच इतिवृत्ताची मागणी करावी. इतिवृत्त पुढील सभेत कायम केले जाते आणि कायम होण्यापूर्वी त्यातील चूक सदस्यामार्फत दाखवून देता येते.

सभा नागरिकांना पाहता येते. प्रेक्षक कक्षातून बोलण्याचा अधिकार नसतो, पण तिथे बसल्यामुळे कोणत्या उपसूचनेने मूळ प्रस्तावाचा अर्थ बदलला, हे प्रत्यक्ष कळते. तुमच्या प्रभागाचा विषय असेल त्या दिवशी मंडळातील चार-पाच जणांनी तिथे शांतपणे बसावे, असा माझा आग्रह आहे.

एक बाब ध्यानात ठेवावी. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात सभेचे आणि समित्यांचे अधिकार प्रशासकच वापरत असल्याने त्या वर्षांतील निर्णय शोधताना सभेचे इतिवृत्त मागून उपयोग नाही; प्रशासकांचा ठराव क्रमांक आणि दिनांक मागावा लागतो. आता प्रभाग बहुसदस्यीय आहेत. यात जबाबदारी विखुरण्याचा धोका आहे हे खरे, परंतु सोयही आहे : बहुतेक प्रभागांत एका नागरिकाचे चार प्रतिनिधी आहेत. निवेदनाची प्रत त्या सर्वांना द्यावी आणि प्रत्येकाची पोहोच वेगळी घ्यावी, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची वेळ येत नाही.

निवेदन कसे लिहावे

सुरुवातीच्या काळात मी स्वतः एकाच अर्जात गटार, दिवा, भटकी कुत्री आणि कचरा उठाव असे चार विषय लिहिले होते. तो अर्ज चार विभागांत फिरला आणि प्रत्येकाने आपला भाग दुसऱ्याचा आहे असे समजून पुढे पाठवला. त्यानंतर मी एक अर्ज, एक विषय, एक जागा हा नियम पाळत आलो आहे. नमुन्यासाठी पुढील मजकूर पाहावा.

प्रति, मा. शहर अभियंता, कोल्हापूर महानगरपालिका. विषय : अमुक गल्लीतील पावसाळी गटारीची खोली वाढवून ती मुख्य नाल्यास जोडण्याबाबत. महोदय, सदर गल्लीत जून ते सप्टेंबर या काळात अर्ध्या तासाच्या पावसानेही पाणी साचते आणि सखल भागातील घरांत शिरते. गल्लीच्या वरच्या टोकापासून चौकापर्यंत गटार आहे, मात्र चौकापासून नाल्यापर्यंतचा भाग बुजलेला आहे. या भागाची पाहणी करून त्याचे अंदाजपत्रक तयार करावे आणि येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद प्रस्तावित करावी, ही विनंती. पाहणीचा दिवस कळविल्यास आम्ही जागेवर उपस्थित राहू. सोबत : दिनांकासह छायाचित्रे, जागेचा हाताने काढलेला नकाशा, रहिवाशांच्या सह्या.

या मजकुरात रागाचा शब्द नाही आणि आर्जवही नाही. अधिकाऱ्याने पुढची कृती कोणती करायची, ते त्यात सांगितले आहे : पाहणी, अंदाजपत्रक, तरतूद. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असे लिहिले की योग्य काय, हे ठरवण्याचे काम आपण समोरच्यावर सोपवतो. सह्यांपुढे घराचा क्रमांक लिहावा, कारण तीस घरांच्या गल्लीतून दोनशे सह्या आल्या तर अर्जाचे वजन वाढत नाही, उलट कमी होते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पुढच्या प्रत्येक पत्राची सुरुवात त्या आवक क्रमांकानेच करायची आहे.

मागणी नेमकी असावी, याचे पाण्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणण्याची मागणी या शहराने कित्येक वर्षे लावून धरली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. त्यानंतरही एखाद्या उपनगरात नळाला दाब नसेल, तर त्याचे कारण स्रोतात नसून टाकीची उंची, वितरण वाहिनीचा व्यास, जुनी गळती किंवा व्हॉल्व्हच्या वेळा यांत असते. म्हणून ‘पाणी द्या’ या मागणीऐवजी आपल्या भागाला कोणत्या टाकीतून पाणी येते, ते किती वाजता सोडले जाते आणि शेवटच्या घरात किती वेळ येते, याची आठवडाभराची नोंद जोडून व्हॉल्व्हची वेळ किंवा वाहिनी बदलण्याची मागणी करावी.

अंदाजपत्रकाचा हंगाम

कायद्यानुसार पुढील वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत आणि अंदाजपत्रक ३१ मार्चपूर्वी ठरले पाहिजे. मार्चमध्ये वर्तमानपत्रात आकडे छापून येतात आणि त्यानंतर आपण जागे होतो. विभागांकडून कामांच्या याद्या मात्र दिवाळीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत तयार होतात. म्हणून वरील प्रकारचे निवेदन नोव्हेंबरमध्ये द्यावे, डिसेंबरमध्ये त्याचा पाठपुरावा करावा आणि जानेवारीत ते काम यादीत आले का, हे विभागीय कार्यालयात विचारावे.

अंदाजपत्रक वाचण्यासाठी हिशेबनीस असावे लागत नाही. महसुली बाजू आणि भांडवली बाजू वेगळी काढावी. महसुली बाजूत घरफाळा, पाणीपट्टी, शासनाची अनुदाने असे उत्पन्न आणि पगार, वीजबिल, दुरुस्ती असा खर्च असतो. भांडवली बाजूत नवी बांधकामे असतात. प्रत्येक शीर्षकापुढे मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा-खर्चाची रक्कम, चालू वर्षाची सुधारित रक्कम आणि पुढील वर्षाची अपेक्षित रक्कम असे रकाने असतात. नव्या घोषणेपेक्षा मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्चाचा रकाना अधिक खरे बोलतो. एखाद्या उद्यानासाठी किंवा दवाखान्यासाठी सलग तीन वर्षे तरतूद दाखवली आणि खर्च शून्य असेल, तर निधीची कमतरता नसून काम कुठेतरी अडले आहे असे समजावे आणि ते कुठे, हेच विचारावे. घरफाळा वेळेवर भरलेला असावा, हे वेगळे सांगायला नको. थकबाकीदाराच्या निवेदनाला कायद्याने बाधा येत नाही, परंतु बोलताना आवाजात जो ठामपणा हवा तो भरलेल्या पावतीतून येतो.

शहराची वाढ : नकाशा, निळी रेषा आणि हद्द

सेवांचा निर्णय चुकला तर तो पुढच्या वर्षी दुरुस्त होतो. जमिनीच्या वापराचा निर्णय चुकला तर दोन पिढ्यांना भोगावा लागतो, म्हणून या भागाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा येथील मूळ कायदा. त्यानुसार विकास आराखडा साधारणपणे वीस वर्षांतून एकदा सुधारला जातो. सुधारणेचा इरादा आधी जाहीर होतो, मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो आणि त्यानंतर प्रारूप आराखडा कलम २६ नुसार प्रसिद्ध होतो. त्यावर हरकती व सूचना देण्यासाठी मिळणारी मुदत जेमतेम महिन्याभराची असते. एवढ्या वेळात नकाशा पाहणे, समजून घेणे आणि हरकत लिहिणे एकट्याला जड जाते; म्हणून तालमीने किंवा मंडळाने नकाशाची आपल्या प्रभागापुरती प्रत घेऊन ती भिंतीवर लावावी, पिवळा, हिरवा, निळा असे रंग काय दर्शवतात ते नगररचना विभागातून समजून घ्यावे आणि प्रत्येक घरमालकाने आपला सिटी सर्व्हे क्रमांक त्यात शोधावा.

हरकत लेखी द्यावी आणि सुनावणीची मागणी त्यातच करावी. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिथे मोजकी मिनिटे मिळतात. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य तिथे कोणाच्याही कामाचे नसते. ‘या सर्व्हे क्रमांकातून दाखवलेला १२ मीटर रुंदीचा रस्ता पुढे अस्तित्वातील इमारतींमध्ये संपतो, शेजारच्या मोकळ्या जागेतून तो नेल्यास एकही घर पडत नाही’ असे सांगितले तर समितीला लिहून घेण्यासारखे काही मिळते. सूचना केवळ स्वतःच्या घरापुरतीच असावी असेही नाही. शाळा, क्रीडांगण, दवाखाना यांची आरक्षणे आपल्या भागात पुरेशी आहेत का, याबद्दल फार थोडे लोक लिहितात. जे लिहितात त्यांचे म्हणणे म्हणूनच ठळकपणे दिसते.

आराखडा मंजूर झाल्यावर विषय संपत नाही. कलम ३७ नुसार त्यात किरकोळ फेरबदल करता येतो आणि आरक्षण उठवण्याचे किंवा जमिनीचा वापर बदलण्याचे प्रस्ताव बहुधा याच वाटेने येतात. त्याचीही जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. ती सूचना आतल्या पानावर, बारीक अक्षरात असते. प्रत्येक मंडळाने एका सदस्यावर फक्त जाहीर सूचना वाचून कापून ठेवण्याचे काम सोपवावे, असे मी मनापासून सुचवतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे काम उत्तम जमते आणि त्यातून त्यांना आपले शहर कळते. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ नुसार नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. अशी नोटीस आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारत राहावे. क्रीडांगणे हातातून जातात ती बहुतेक या शांत वाटेने.

कोल्हापुरात यापुढील प्रश्न पुराचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी पंचगंगा कुठवर येते, हे भिंतींवर लिहून ठेवले आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी आपल्याला तोंडपाठ असते. पण आपले घर किंवा आपण घेत असलेला फ्लॅट निळ्या रेषेच्या आत आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आहे की लाल रेषेबाहेर, हे फार थोड्यांनी तपासलेले असते. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे लाल रेषा, असे स्थूलमानाने समजावे. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्ट्यात नवीन बांधकामाला मनाई असते, तर दोन रेषांमधील पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. शेजारी भराव पडू लागला, तर इमारत उभी राहण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात नगररचना विभागाकडे तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : बांधकाम परवानगीचा क्रमांक काय, मंजूर नकाशात पूररेषा दाखवली आहे का, आणि भरावाला परवानगी आहे का. आपल्या शेताचा भराव म्हणजे पलीकडच्या गल्लीतील पाणी, हे सुतारवाड्यातील कुटुंबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दर मोठ्या पुरात आधी त्यांनाच घर सोडावे लागते. जयंती नाल्याच्या काठावरील बांधकामांनाही हीच तपासणी लागू करावी.

हद्दवाढीबाबत बोलताना भावना तापतात. १९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि त्यानंतरची अनेक दशके शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली, तर २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहर वाढले पाहिजे असे मला वाटते. परंतु घरफाळा वाढेल आणि सेवा येणार नाहीत, ही गावांची भीतीही पोकळ नाही. हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे आणि त्यापूर्वी अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्या वेळी पाचगाव असो वा उचगाव, ग्रामसभेने केवळ ‘विरोध’ किंवा ‘पाठिंबा’ असा एका शब्दाचा ठराव करू नये. घरफाळ्याची वाढ किती वर्षांत टप्प्याटप्प्याने होणार, गावठाणातील जुन्या घरांच्या नोंदींचे काय, गायरान कोणाच्या ताब्यात राहणार, पाणी आणि मलनिस्सारण किती वर्षांत पोहोचणार, या प्रश्नांची लेखी उत्तरे मागणारा ठराव करावा. शहरातील नागरिकांनीही तेच प्रश्न विचारले पाहिजेत, कारण नव्या भागाला पाणी पोहोचवण्याचा खर्च सर्वांच्याच अंदाजपत्रकातून होणार आहे.

सुरक्षिततेचे विषय

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले आणि राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू डोळ्यांदेखत गेली. त्या रात्री खासबागेजवळ उभे राहून रडणारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना अग्निसुरक्षेचे महत्त्व सांगावे लागणार नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मोठ्या आणि सार्वजनिक वापराच्या इमारतींच्या मालकाने आपली आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक यंत्रणेचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला सादर करायचे असते. आपल्या अपार्टमेंटने, मुलांच्या कोचिंग क्लासच्या इमारतीने आणि मंगल कार्यालयाने ते सादर केले का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. हा प्रश्न आधी मालकाला सौजन्याने विचारावा. उत्तर मिळाले नाही तर अग्निशमन विभागाला लेखी विचारावा.

पेठांमधील जुने वाडे हा दुसरा विषय. धोकादायक इमारतीबाबत महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार नोटीस देता येते. भाडेकरू आणि मालक यांच्या वादात हा प्रश्न अडकतो आणि जूनमध्ये भिंत पडते. एप्रिल महिन्यात अर्ज द्यावा. भिंतीचा फुगवटा, तडे आणि ती ज्या बोळावर झुकली आहे तो बोळ यांची छायाचित्रे जोडावीत. झाड तोडण्याची नोटीस झाडावर लावलेली दिसली, तर हरकतीला फक्त सात दिवस मिळतात, एवढे लक्षात ठेवावे.

निर्णय झाल्यानंतर उरलेल्या वाटा

ठराव झालाच, तर माहितीचा अधिकार हे पहिले साधन. १० रुपये शुल्क, एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा पाळून अर्ज करावा. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे न लिहिता ठराव क्रमांक, मूळ टिपणी, अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत अशी नेमकी नावे लिहावीत. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. अर्ज करण्याआधी आणखी एक सोपी वाट आहे : शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयातील अभिलेख नागरिकांना पाहता येतात. अनेकदा दोन तासांच्या वाचनातच उत्तर मिळते आणि अर्जाची गरज उरत नाही. रस्त्याच्या बाबतीत कार्यादेशातील दोष दायित्वाचा कालावधी आवर्जून पाहावा. तो संपण्यापूर्वी पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन वैयक्तिक तक्रारीसाठी आहे. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट किंवा धोरणात्मक विषय तिथे घेतले जात नाहीत. एखादा ठराव कायद्याच्या किंवा लोकहिताच्या विरुद्ध असल्याचे दाखवून देता आले, तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे आणि नागरिकही नगरविकास विभागाकडे तसे निवेदन देऊ शकतात. शेवटची वाट न्यायालयाची. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने जनहित याचिकेसाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. परंतु तिथेही वकील पहिला प्रश्न हाच विचारतात की, तुम्ही हरकत मुदतीत नोंदवली होती का आणि तिची पोहोच कुठे आहे.

म्हणून मंडळाच्या कपाटात एक फाइल ठेवावी. आवक शिक्क्याच्या प्रती, जाहीर सूचनांची कात्रणे, प्रभागाचा नकाशा, ठरावांच्या प्रती आणि दिनांकासह छायाचित्रे तिच्यात क्रमाने लावावीत, पहिल्या पानावर यादी लिहावी आणि कार्यकारिणी बदलली की ताळेबंदासोबत ही फाइलही नव्या अध्यक्षाकडे सही घेऊन सोपवावी.